दिंडोरीच्या गटाचा पहिला द्राक्ष कंटेनर: युरोप की दुबई, आणि २८ किलोमीटरचं काय?

गोडीछाटणी_दिंडोरी:
नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. ३६ सभासद, मिळून ५८ एकर द्राक्ष, बहुतेक थॉमसन ही बिनबियांची जात. माल आजवर बागेतच व्यापाऱ्याला जातो. येत्या हंगामात एक कंटेनर कंपनीच्या नावाने काढायचा ठराव झालाय. गोडी छाटण्या (फळासाठीच्या) २५ सप्टेंबर ते २० ऑक्टोबर, म्हणजे माल फेब्रुवारीत लागेल. प्लॉट नोंदलेले आहेत. स्वतःचं पॅकहाऊस, म्हणजे माल निवडून, खोक्यात भरून गार करायची शेड, नाही, पिंपळगावला भाड्याने मिळतंय.

प्रश्न असे. युरोपला पाठवावं की दुबईला? भाड्याच्या पॅकहाऊसमध्ये काय बघून घ्यायचं? कागद कोणते आणि कधीपासून लागायचं? आणि गाव ते पिंपळगाव २८ किमी, त्यातले ७ किमी नुसते खड्डे, त्याने कितीसा फरक पडतो? "आमच्या वेळी असं झालं" नको, हिशेब सांगा.

प्रीकूलिंग_पिंपळगाव:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

चाळीस फुटी रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, पनेटचा (छोट्या प्लास्टिक डब्यांतला) माल साधारण १३ टन बसतो. तेवढा पॅक व्हायला १५ टन तरी तोडावा लागतो, बाकीचा शेडमध्ये बाजूला पडतो. दोन दिवसांत तोडायचा म्हणजे रोज साडेसात टन. क्रेट २० किलोचं असलं तरी त्यात १० किलोच भरायचं: घडांचा एकच थर, देठ वर, खाली बबल शीट. म्हणजे रोज ७५० क्रेट. पिकअपमध्ये १२५ क्रेट धरले तर सहा खेपा. तोडणी उजाडल्यापासून दहापर्यंतच, त्यानंतर मण्याच्या आतलं तापमान झपाट्याने चढतं. तोडल्यापासून प्रीकूलिंगच्या, म्हणजे माल झपाट्याने गार करायच्या खोलीच्या, दारापर्यंत चार तास, फार तर सहा. आता सांगा, तीन पिकअप आणि प्रत्येकी दोन खेपा हे तुमच्या रस्त्यावर दहा-साडेदहापर्यंत जमतंय का? एकच मोठी गाडी भरून दुपारी आणायची असेल तर युरोपचा विषय इथेच संपला.

खड्ड्यांनी होतं काय, तर मणी देठाशी सैल होतो. डोळ्याला दिसत नाही, घड छान दिसतो. पण देठाच्या बुडाशी केसाएवढी चीर पडलेली असते. पुढे खोक्यात बुरशी रोखायला ठेवलेला ग्रेप गार्डचा पॅड सल्फर डायऑक्साइड सोडतो, तो त्या चिरेतून आत शिरतो आणि तीन-चार आठवड्यांनी देठाभोवती पांढरं कडं उमटतं. रॉटरडॅमला तपासणारा लिहितो "ब्लीचिंग", इथे सगळे पॅडवाल्याला शिव्या देतात. दोष असतो त्या ७ किलोमीटरचा. क्रेट दोरीने घट्ट आवळा, थप्पी पाचच्या वर नको, ताडपत्री आणि वरच्या क्रेटमध्ये वितभर हवा राहू द्या, आणि गार राहावं म्हणून घडांवर पाणी अजिबात मारू नका.

पॅकहाऊस बघताना रंगरंगोटी बघू नका. अपेडाची, म्हणजे केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेची, मान्यता हंगामभर चालू आहे का ते बघा. प्रीकूलिंगची एक खोली किती टनाची आणि २५ अंशांचा माल किती तासांत उतरतो ते विचारा. सहा ते आठ तास ठीक; बारा सांगितले तर ती प्रीकूलिंग नव्हे, कोल्ड स्टोअरेज आहे. जनरेटर आपोआप चालू होतो का, ते त्यांना मेन स्विच पाडून दाखवायला सांगा. आणि तुमच्या मालाचा नंबर कधी लागणार हे करारात तासासकट लिहून घ्या. गर्दीच्या दिवशी मालकाचा माल आधी आत जातो, भाडेकऱ्याचे क्रेट व्हरांड्यात उन्हं बघत बसतात.

तापमान खोलीच्या भिंतीवरचं धरू नका. मधल्या खोक्यातला मणी काढून त्यात प्रोब खुपसा. ० ते १ अंश आल्यावरच पॅड ठेवायचा आणि लायनर (खोक्यातली पिशवी) मिटायचा. घाई करून कोमट माल झाकला की पिशवीत दव धरतं आणि पॅड आठवड्यांचा गॅस दोन दिवसांत ओकून टाकतो. मग पांढरे डाग तर आलेच, वर युरोपातली सल्फाइटची १० मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादाही ओलांडायची भीती.

फवारणीवही:
पॅकहाऊसदादांनी सगळं लिहिलंच आहे, मी फक्त अंशाबद्दल, म्हणजे मालात उरणाऱ्या फवारणीच्या औषधाबद्दल, लिहितो.

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलो लागते. ती जवळपास शून्यच. क्लोरपायरीफॉसही २०२० पासून तिथेच आलंय. द्राक्ष संशोधन केंद्राचं ॲनेक्शर ९ (चालणाऱ्या औषधांची यादी) आणि त्यातला तोडणीपूर्व कालावधी, म्हणजे फवारणी ते तोडणी सोडायचे दिवस, पाळला की सरकारी चाचणी पार होते. पण जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात आणि एका नमुन्यात किती औषधं सापडली तेही मोजतात. त्यामुळे खरेदीदाराची यादी छाटणीआधी मागवा. जानेवारीत यादी हातात पडून काही उपयोग नाही, तोवर सगळं मारून झालेलं असतं.

दोन ठिकाणी गट फसतात. एक, "टॉनिक", "बायो" म्हणून मिळणाऱ्या बिनबिलाच्या बाटल्या. त्यात काय मिसळलंय ते लॅबचा रिपोर्ट आल्यावर कळतं. दोन, खरड (उन्हाळी) छाटणीनंतर वाढ रोखायला मारलेलं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशावरून युरोपात आपला माल अडकला होता, तो याच जातीच्या औषधामुळे. औषधं गटाने एकत्र, बिलावर घ्या आणि बॅच नंबर वहीत चढवा.

ग्लोबलगॅप, म्हणजे युरोपचे खरेदीदार मागतात ते शेतीपद्धतीचं प्रमाणपत्र, ३६ जणांचं काढू नका. गट म्हणून पर्याय २ मध्ये बाहेरचा तपासनीस सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बागा बघतो. ३६ ला सहा, ९ ला तीन. पण आतली तपासणी तुम्हाला सगळ्यांचीच करावी लागते. एका कंटेनरला सारख्या तारखेचे तीन-चार एकर पुरतात. छाटणीच्या तारखा जुळणारे नऊ जण निवडा.

शिपिंगबिल:
कागद थोडक्यात. आयईसी (आयात-निर्यात क्रमांक) डीजीएफटीकडे, म्हणजे परदेश व्यापार महासंचालनालयाकडे, ऑनलाइन, ५०० रुपये, पॅनवर निघतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तपशील ताजा करायचा, नाहीतर बंद पडतो. अपेडाची आरसीएमसी (निर्यातदार म्हणून नोंदणी) ५,००० रुपये अधिक जीएसटी, पाच वर्षांसाठी. बँकेचा एडी कोड (परकीय चलन घेणाऱ्या शाखेचा क्रमांक) न्हावा शेवाच्या कस्टममध्ये नोंदवून घ्या. हे काम लोक विसरतात आणि कंटेनर गेटवर आल्यावर आठवतं. एवढं सगळं दिवाळीच्या आत उरका.

मालाच्या वेळी लागतं ते असं: ग्रेपनेटवर (अपेडाच्या ऑनलाइन नोंदवहीत) प्लॉट, नमुना, पॅकहाऊस आणि कंटेनर यांची साखळी, युरोपसाठी ॲगमार्क (सरकारी प्रतवारी) प्रमाणपत्र, प्लांट क्वारंटाइनचं फायटो (माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला), इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, उगम प्रमाणपत्र. लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का हवाच. सगळ्यात जास्त भानगड होते ती फालतू गोष्टीवरून: खोक्यावरचा प्लॉट क्रमांक आणि फायटोवरचा क्रमांक जुळत नाही. नऊ शेतकऱ्यांचा माल एका पॅलेटवर मिसळलात तर हे होणारच. एका पॅलेटवर एकच प्लॉट ठेवा.

ताज्या द्राक्षाला जीएसटी नाही, पण खोकी, पनेट, पॅड यांवर भरलेल्या कराचा परतावा मागता येतो. बिलं कंपनीच्याच नावाची घ्या.

गोडीछाटणी_दिंडोरी:
फार मोलाचं मिळालं, आभार. एका एजंटाकडून युरोपसाठी प्रस्ताव आलाय: कन्साइनमेंटवर पाठवा, विकेल त्यातून ८ टक्के कमिशन कापून बाकी पैसे. दुबईवाला ठरलेला भाव देतो, पण कमी, ४० टक्के आगाऊ. कोणतं धरावं? आणि पेरू, चिली या देशांचा माल आपल्यापेक्षा स्वस्त कसा पडतो हेही कोणी सांगा.

हिशेबनीस_नाशिकरोड:
कन्साइनमेंट म्हणजे माल तुमचा, धोका तुमचा, आणि भाव सांगणारा तो. विकला गेला नाही तर तिथल्या कोल्ड स्टोअरेजचं भाडं, पुन्हा पॅकिंगची मजुरी, फेकून द्यायचा खर्च, सगळं तुमच्याच पट्टीत (विक्रीच्या हिशेबात) वजा होतं. पहिल्या कंटेनरला हे नकोच. निदान किमान हमी भाव लिहून घ्या. शिवाय माल पोचल्यापासून ४८ तासांत स्वतंत्र सर्व्हेअरच्या अहवालाशिवाय क्लेम मानणार नाही, हे कलम टाका. कंटेनरमध्ये तापमानाचे दोन लॉगर ठेवा, एक पुढच्या भिंतीशी, एक दाराशी. भांडण झालंच तर तेवढाच साक्षीदार. ईसीजीसीचा (सरकारी निर्यात पतहमी कंपनीचा) विमा घेताना नीट वाचा. खरेदीदाराने पैसे बुडवले तर तो मिळतो, माल खराब झाला म्हणून मिळत नाही.

भाड्याचा हिशेब सोपा आहे. डॉलर ८८ धरा. कंटेनरच्या भाड्यात १,००० डॉलर वाढले की १३ टनांवर किलोमागे पावणेसात रुपये गेले. डिसेंबर २०२३ पासून तांबडा समुद्र टाळून बऱ्याच जहाज कंपन्या आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालू लागल्या, तेव्हा भाडंही वाढलं आणि तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास पाचपर्यंत गेला. बुकिंग करताना जहाज कुठून जाणार हे आधी विचारा, मग पॅड किती दिवसांचा घ्यायचा ते ठरवा.

आता चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका. त्यांचा माल युरोपात करारांमुळे बिनशुल्क उतरतो. आपल्या द्राक्षाला वर्षानुवर्षे आठ टक्क्यांच्या आसपास शुल्क पडत आलंय. दोन युरोच्या मालावर १६ सेंट. म्हणजे आपण शर्यतीत उभे राहतो तेच दोन पावलं मागे.

आडगाव_नाका:
शुल्काचं म्हणणं खरं आहे, पण त्यावर सगळं खापर फोडू नका. ज्यांना शुल्कच नाही असे देशही आहेत. युरोपने २००१ पासून सर्वांत मागास देशांना शस्त्रं सोडून सगळ्या मालावर शुल्क माफ केलंय. तरी त्यातल्या किती देशांची ताजी फळं तिथल्या फडताळावर दिसतात? शुल्क माफ झालं म्हणून अंश माफ होत नाहीत आणि रस्ताही आपोआप होत नाही. केनियाच्या शेंगभाज्यांना शुल्क नव्हतंच. तरी २०१३ पासून अंशांमुळे युरोपने त्यांच्या दहा टक्के खेपा तपासायला घेतल्या. त्याचा खर्च आणि उशीर मोठ्या कंपन्यांनी सोसला, अर्ध्या एकरवाले आधी बाहेर पडले.

पेरूचंही तसंच. त्यांचा युरोपशी करार २०१३ चा, पण किनाऱ्यावरच्या वाळवंटात ठिबकवरच्या शेकडो एकरांच्या बागा आणि बागेतच पॅकहाऊस असलेली माणसं त्याचा फायदा उचलायला तयार बसली होती. तुमच्या २८ किलोमीटरांचं दुखणं त्यांना नाहीच. ५८ एकरांत ३६ मालक असताना ते मॉडेल उचलता येत नाही.

केनियाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथे कच्चा ॲव्होकॅडो जाऊन देशाचं नाव खराब होऊ नये म्हणून सरकारच काही महिने समुद्रमार्गे निर्यात बंद ठेवतं. तुमच्या गटात हे काम गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर करू शकतो. १७ ब्रिक्स गोडीच्या खाली आणि १८ मिमीच्या आतला प्लॉट तोडायचा नाही. मोजणारा माणूस त्या बागेचा मालक किंवा त्याचा भाऊबंद नको. घडाच्या टोकाचे मणी मोजा, खांद्याचे आधी गोड होतात आणि फसवतात. यावरून गटात वाद होणार, म्हणून नियम आत्ताच सभेत लिहून सह्या घ्या, फेब्रुवारीत कोणी ऐकत नाही.

प्रीकूलिंग_पिंपळगाव:
माझं मत: या वर्षी दुबई, कंपनीच्या नावाने. न्हावा शेवाहून दुबईचं जेबेल अली बंदर आठवड्याच्या आतलं काम, चूक झाली तरी माल विकण्याजोगा पोचतो आणि आगाऊ रक्कमही हातात असते. ॲगमार्क लागत नाही, पण अंशाची चाचणी तरी करा. युरोपसाठी त्याच नऊ प्लॉटमधला थोडा माल ओळखीच्या निर्यातदाराच्या कंटेनरमध्ये घाला आणि त्याचा पोच अहवाल तुम्हाला मिळेल हे आधीच ठरवून घ्या.

आगाऊ ४० टक्के येतात तेव्हा पॅकिंगचा खर्च त्यातून भागतो, पण शेतकऱ्याच्या पट्टीचं काय ते बघा. व्यापारी बागेत रोख देतो. कंपनीने ४५ दिवसांनी दिले तर तिसऱ्या दिवशी सभासद पुन्हा व्यापाऱ्याकडे. तोडणीच्या दिवशी निम्मे देता येतील एवढं खेळतं भांडवल बँकेकडून आधी मंजूर करून ठेवा. स्वतःच्या प्रीकूलिंगचा विचार दोन हंगामांनंतर करा. कृषी पायाभूत निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची योजना आली होती, ती तेव्हा चालू आहे का ते बघा.

गोडीछाटणी_दिंडोरी:
पटलं. मग दुबईच्या मालाला तरी ते ७ किमी कसे सांभाळू? रस्ता काही फेब्रुवारीपर्यंत होत नाही.

प्रीकूलिंग_पिंपळगाव:
दुबईवाला चालवून घेत असेल तर पनेट खड्ड्यांच्या अलीकडेच भरा. बागेत हिरव्या शेडनेटखाली टेबलं लावा, एकदाच हाताळणी, घड पनेटमध्ये बसला की सुट्ट्या क्रेटपेक्षा कमी हलतो. लायनर उघडाच ठेवा, पॅड टाकू नका, तो इथे आल्यावर. आणि पहिल्या खेपेतलं एक खोकं मागच्या चाकावर आणि एक केबिनच्या मागे ठेवून पाठवा, दोन्हीतले गळालेले मणी मोजा. मागच्यात दुप्पट निघाले तर गाडीचा मागचा दोन फूट भाग रिकामा ठेवा.