मदत हवी आहे: प्रागच्या फामूत दिग्दर्शन शिकायचं, पण चेकमधून की इंग्रजीतून?

नमस्कार मंडळी. माझ्या भाचीला प्रागच्या फामू या चित्रपट शिक्षणसंस्थेत दिग्दर्शन शिकायचं आहे. १९४६ साली सुरू झालेली ही संस्था. मिलोश फोरमन, व्हेरा खितिलोव्हा, यिर्झी मेन्झेल हे नामवंत चेक दिग्दर्शक इथलेच विद्यार्थी.

चेकमधून शिकलं तर तिथल्या सरकारी विद्यापीठांत परदेशी मुलांनाही फी पडत नाही. इंग्रजी अभ्यासक्रमाची फी मात्र आमच्या आवाक्याबाहेर आहे. पोरगी जिद्दीची, चेक शिकायला लागलीसुद्धा. पण सात विभक्त्यांची ही भाषा प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीपुरती वर्षभरात येते का? कुणी तिथे राहून शिकलं असेल तर स्पष्ट सांगा, उगाच धीर देऊ नका.

दुसरं म्हणजे, तिने गावातल्या पिठाच्या गिरणीवर लघुपट केलाय. संवाद जवळपास नाहीतच. पट्ट्याची घरघर, डब्यांची रांग आणि गिरणीवाल्या काकांच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया. मला तो मनापासून आवडतो. प्रवेशासाठी हाच पाठवावा की संवाद असलेली गोष्ट नव्याने करावी?

आणि व्हिसाच्या कागदपत्रांचं चेक भाषांतर तुम्ही कुठे करून घेतलंत, तेही कळवा.