फुप्फुसातील लहान गाठ: संपूर्ण खंड काढावा की त्याचा एक भाग?

प्रश्न
माझ्या वडिलांच्या (वय ६८) उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात, बाहेरच्या कडेला, १.६ सें.मी.ची गाठ आढळली. आधी क्षयरोग समजून दोन महिने औषधे दिली गेली, नंतर बायॉप्सीत कर्करोगाचे निदान झाले. पेट-सीटीत (शरीरात रोग कुठे पसरला आहे ते दाखवणारे स्कॅन) अन्यत्र काही दिसलेले नाही. एक सर्जन दुर्बिणीतून संपूर्ण खंड काढू म्हणतात, तर दुसरे रोबोटने खंडाचा केवळ एक भाग काढावा असे सुचवतात, आणि त्याचा खर्च बराच अधिक आहे. वडिलांनी तीस वर्षे विडी ओढली आहे. काय निवडावे?

उत्तर १
येथे दोन निराळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत: आत कसे शिरायचे आणि आतून किती काढायचे. खंडाचा भाग दुर्बिणीतूनही काढता येतो, त्यामुळे रोबोटचा खर्च त्या निर्णयाला जोडू नका. त्या सर्जनचा हात कशावर बसला आहे, हे अधिक महत्त्वाचे.

किती काढायचे, याविषयी १९९५ पासून संपूर्ण खंड हाच दंडक होता. मात्र २ सें.मी.पर्यंतच्या, कडेच्या गाठींवरील जपानी चाचणीत (२०२२, ११०६ रुग्ण) पाच वर्षांनी भाग काढलेल्यांपैकी ९४.३ टक्के, तर खंड काढलेल्यांपैकी ९१.१ टक्के रुग्ण हयात होते. अर्थात त्याच फुप्फुसात वा आसपास रोग परतण्याचे प्रमाण भाग काढलेल्यांत दुप्पट होते (१०.५ विरुद्ध ५.४ टक्के), आणि वर्षभरानंतर श्वसनक्षमतेतला फरक अवघा ३.५ टक्के होता. भाग काढल्याने ‘फुप्फुस वाचते’ असे सांगितले जाते, ते म्हणूनच जरा जपून ऐकावे. वडिलांचा पीएफटी (फुप्फुसांच्या क्षमतेची चाचणी) अहवाल काय सांगतो? विडीमुळे क्षमता मुळातच कमी असेल, तर माझा कौल भाग काढण्याकडे राहील. परंतु शस्त्रक्रियेदरम्यान लसिकाग्रंथी (लिम्फ नोड, जिथे कर्करोग पसरू शकतो) तपासून त्यांत रोग आढळला, तर संपूर्ण खंड काढण्याची तयारी हवी.

उत्तर २
माझ्या आईचा खंड दुर्बिणीतून काढला. टाके लहान होते. त्रास झाला तो छातीतल्या नळीचा. नळीला जोडलेल्या बाटलीतले हवेचे बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे सहा दिवस, नळी काढली नाही. तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र आजच आणा आणि विडी आजच बंद करा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पीएफटी अद्याप झालेलीच नाही. उद्या करून घेतो. लसिकाग्रंथींविषयी दोन्ही सर्जनना विचारतो.