प्रतिसाद: तासांचा आकडा आणि सरावाची रीत

वर एका सदस्यांनी ‘दहा हजार तास घातले की प्रावीण्य येतेच’ असे लिहिले आहे. त्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांचा जो अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध केला, त्यातून हा आकडा पुढे आला. पण ती सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, प्रावीण्याचा उंबरठा नव्हे. एरिक्सन यांचा भर होता तो जमत नाही तेवढाच भाग वेगळा काढून, जाणकाराच्या नजरेखाली, चूक लगेच कळेल अशा रीतीने केलेल्या सरावावर.

नुसते तास नव्हे, तर सराव कशावर आणि कसा केला हेही पाहावे लागते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी खाशाबा जाधव यांची कुस्ती मातीतली. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर ते सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये आधीपेक्षा वरच्या वजनगटात त्यांनी कांस्यपदक मिळवले.

माझा स्वतःचा अनुभव फौंड्रीतला, म्हणजे वाळूच्या साच्यात धातू ओतून भाग बनवण्याच्या कारखान्यातला आहे. सहा वर्षे मी रोज साचे भरले, तरी माझे रिजेक्शन (सदोष म्हणून नाकारलेले भाग) हटेना. मग आमच्या मिस्त्रींनी प्रत्येक सदोष कास्टिंग (ओतलेला भाग) माझ्यासमोर फोडायला लावले आणि त्या दिवशी वाळूत ओलावा किती होता, साचा किती घट्ट ठोकला होता, हे वहीत लिहायला सांगितले. बहुतेक ब्लोहोल (वायू अडकून धातूत राहिलेल्या पोकळ्या) जास्त ओलाव्याच्या दिवसांतले निघाले. त्यानंतर रोज सकाळी वाळू मुठीत दाबून मी ओलावा आधी अंदाजाने सांगत असे आणि मग मोजून पाहत असे.