तीन बागा झाल्या, मला केळी जमते का नाही हे ओळखायचं कसं?

नवा बागायतदार (चोपडा तालुका):
नमस्कार मंडळी. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो त्याला चार वर्षं झाली. दोन एकर केळी, पाच बाय पाच फुटांवर साधारण साडेतीन हजार खोडं. पहिल्या बागेला क्विंटलला १९०० भाव सापडला, घड सरासरी १९ किलोचा, पैसे असे झाले की गावातली पोरं मला विचारायला यायला लागली आणि मलाही वाटलं आपल्या हाताला गुण आहे. दुसरी बाग जूनच्या वादळात अर्धी आडवी झाली. तिसरी यंदा कापली, घड सरासरी २३ वर गेला पण भाव ७०० च्या वर चढलाच नाही, खर्च जेमतेम निघाला. नाना म्हणतात, हाई तुनं काम नही. मला राग येत नाही, भीती वाटते, कारण ते खरं असलं तर? तीनच बागांवरून माणसानं स्वतःबद्दल काय धरून चालायचं?

तापीकाठ:
भाऊ, आधी भाव बाजूला काढ. भाव तुझ्या हातात नाही, तो बऱ्हाणपूर-रावेरकडून येतो. तू पैसे बघतोय म्हणून दरसाल खाली चाललोय असं वाटतंय, वजन बघ ना, १९ चे २३ झाले. पण एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नको, पहिली बाग लावली कोणी? नानांनीच लावली असेल तर ते यशही सगळं तुझं नाही. आणि तिन्ही मृगबागा, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या, होत्या का? मृगबाग आणि पावसाळा सरताना लावलेली कांदेबाग एका तराजूत टाकू नको, निसवण (घड बाहेर पडणं) वेगळ्या हवेत होते.

गिरणाथडीची बाई:
मी शाळेत गणित शिकवते, माहेरी केळीच आहे. अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी यावर एक प्रयोग केला होता. लोकांना बुद्धिमत्तेची चाचणी दिली आणि नंतर 'तू वरच्या निम्म्यात आहेस' किंवा 'नाहीस' असा निरोप दिला, पण तो निरोप चारपैकी तीनदाच खरा, हे आधीच सांगून ठेवलेलं. आता हिशोब बघा, सुरुवातीला आपली खात्री ५० टक्के धरली तर एका चांगल्या निरोपानं ती ७५ वर जाते, सलग दोन आले तर ९० वर, एक चांगला आणि एक वाईट आला की परत ५० वर. लोक तसं करत नव्हते. हिशोबानं जेवढं हलायला पाहिजे त्यापेक्षा कमी हलायचे, आणि त्यातही चांगल्या निरोपावर जास्त, वाईटावर कमी. दादा, तुम्ही तर पहिल्या वर्षी त्याच्याही पुढं गेलात, १९०० चा भाव तुम्ही चारपैकी चारदा खरा धरला.

म्हणून प्रत्येक गोष्टीला एकच विचारायचं, मुरलेल्या शेतकऱ्याच्या बागेतही हे असंच झालं असतं का? ७०० चा भाव सगळ्यांनाच लागला, तो तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. वादळात अख्खं शिवार झोपलं असेल तर तेही नाही. पण तुमचीच बाग पडली आणि बांधाला लागून असलेली उभी राहिली असेल तर ते मनावर घ्या.

धुळ्याचा, कृषी शिकतोय:
बाईंशी शंभर टक्के सहमत. रोनाल्ड फिशर १९१९ ला इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती केंद्रात गेला तेव्हा त्याच्यापुढे हीच अडचण होती, पीक खतानं वाढलं का जमिनीनं का पावसानं. मग त्यानं एकाच शेताचे तुकडे पाडून कुठल्या तुकड्याला कुठलं खत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायची पद्धत बसवली. तुम्हीही दोन एकरात ओळी पाडून निम्म्यांना नानांच्या पद्धतीनं खत द्या, निम्म्यांना तुमच्या, चिठ्ठी टाकून, मनानं चांगल्या ओळी निवडायच्या नाहीत. पाऊस, ऊन, भाव दोघांना सारखं राहतं.

वजनाला पण आधीच खुणा केलेले घड घ्या, डोळ्यात भरणारे नको. घडाघडात ४ किलोचा चढउतार धरला तर एका घडावरून काहीच कळत नाही, २५ घडांच्या सरासरीत तो ८०० ग्रॅमवर येतो. आणि निसवणीला हिरवी पानं मोजा, दहा-बारा टिकली असतील तर ती तुमची मेहनत, भावाच्या कितीतरी आधी दिसते. काढणीआधी वहीत अंदाज लिहून ठेवा, नंतर मन आपल्याला पाहिजे तसं आठवतं.

नवा बागायतदार:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. तिन्ही मृगबागाच होत्या, पहिली नानांनी लावलेली, मी निसवणीनंतर हातात घेतली, हे मी इतके दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. बाई, तुमचं वाचून आज शेजारच्या काकांकडे जाऊन आलो. त्या वादळात त्यांची दोनशे खोडं गेली, माझी सतराशे. त्यांच्या पश्चिमेला वारा अडवायला शेवरीची झाडं होती, मी सावली पडते म्हणून काढून टाकली होती, नाना तेव्हा नको म्हणत होते. मग १९०० आणि ७०० दोन्ही बाजूला ठेवले, शेवरी माझ्या खात्यात घेतली, २३ किलोही घेतले. नानांना चिठ्ठ्यांचं सांगितलं, ते म्हणाले चिठ्ठी मी उचलणार.

जूनच्या आधी पश्चिमेला दोन ओळी शेवरी टाकायची आहे, चोपडा-यावलकडे बी कुठं चांगलं मिळेल कोणी सांगेल का?