खाणावळीचं कर्ज की पापडाचं पीठ? कोकणातल्या बायकांच्या गटांनी कुणाचा कित्ता गिरवावा?

हर्णै बंदर:
प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी. जेवणारे बरेचसे आपल्याकडचेच चाकरमानी. पैसे मिळणार पगाराला, तोवर तांदूळ-डाळ वाण्याकडून उधार. वाणी उधारीला चढा भाव लावणार, वर सावकाराचं व्याज. मंडळाने बायकांना एकमेकींना जामीन ठेवून राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळवून दिलं. हातात रोख आली, माल स्वस्त पडला, धंदा बाईचाच राहिला. मासळीवालीलाही लिलावात रोखच लागते. मग हाच मार्ग का नको?

आगळ:
अजिबात पटत नाही. लिज्जत पापडवाल्या बायकांचं बघा. १५ मार्च १९५९, गिरगाव, ७ बायका आणि उसने ८० रुपये. शाखेतून मळलेलं पीठ न्यायचं, घरी लाटून वाळवायचं, दुसऱ्या दिवशी वजनावर मजुरी घ्यायची. बाईच्या डोक्यावर कर्ज नाही, तरी ती मालकीण. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, जेवणारे गावी परतले. खाणावळीची थकबाकी कुणाकडे मागायची?

हर्णै बंदर:
अहो, पापड टिकतो. बांगडा दुसऱ्या दिवशी कोण वजन करून घेणार? आणि संपात दोष कर्जाचा नव्हता, सगळं गिऱ्हाईक एकाच धंद्यातलं होतं त्याचा होता.

देवगड तिठा:
हप्त्यांचं कुणी बोलतच नाही! १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू. एकीचा चुकला की जामीन राहिलेल्या तिच्यावर डाफरतात, ती बैठकीला यायची थांबते, मग वही कोण लिहिणार? गट मोडतो तो असा. कर्ज काढतानाच ऑगस्ट ते मे असे १० हप्ते लिहून घ्यावेत. बचत सगळी कर्जाऊ फिरवू नये, थोडी मे महिन्यात सुक्या मासळीच्या खरेदीला ठेवावी. पावसात विकायला तेवढंच असतं.

आगळ:
मासळीपुरतं मान्य. कोकमाच्या आमसुलांना मात्र लिज्जतच्या पिठाचीच रीत हवी. घरोघर मिठाचं माप वेगळं, सालं रसात बुडवून द्यायची पुटं कुणाची तीन, कुणाची पाच. वळवाचा पाऊस आला आणि सालं ओलसर राहिली की बुरशी. एका पोत्यात ती निघाली की व्यापारी सगळा माल परत पाठवतो. लिज्जतमध्ये पीठ शाखेत मळतात ते उगाच नाही. तसं रस आणि मीठ एका जागी मोजून कालवा, पुटंही तिथेच द्या. फळं फोडणं आणि सालं वाळवणं घरी.

हर्णै बंदर:
आणि एप्रिल-मेत एकदम येणारी फळं घ्यायला पैसा? म्हणजे परत कर्जच की!

आगळ:
काढा. पण गटाच्या नावावर, बाईच्या नाही.