मदत हवी आहे : मुलात स्टॅट-१ जनुकाचा दोष आढळला, धाकट्या मुलीची तपासणी आताच करावी का?

नमस्कार. आम्ही बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात राहतो. माझ्या १४ वर्षांच्या मुलाचा जनुकीय तपासणीचा अहवाल गेल्या महिन्यात आला आणि त्यात स्टॅट-१ या एकाच जनुकात दोष आढळला. सहाव्या महिन्यापासून त्याच्या जिभेवर पांढरा थर येत असे. पुढे नखे जाड व पिवळी झाली, फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचे औषध थांबवले की बुरशी परत येई, आणि तीनदा न्यूमोनिया झाला. इतकी वर्षे सर्वांनी त्याच्या आईलाच स्वच्छतेचे धडे दिले, याचे मला आता फार वाईट वाटते.

स्टॅट-१ हे प्रथिन इंटरफेरॉनचा, म्हणजे संसर्गाची सूचना देणाऱ्या प्रथिनांचा, निरोप पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचवते. ते दुबळे असेल तर क्षयाच्या जातीचे जंतू शिरजोर होतात. आमच्या मुलात मात्र ते गरजेपेक्षा जास्त सक्रिय आहे, आणि त्यामुळे बुरशीला रोखणारे इंटरल्यूकिन-१७ हे प्रथिन बनवणाऱ्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) कमी पडतात, असे डॉक्टरांनी समजावले.

पत्नी माझ्या मामाची मुलगी असल्याने हा नात्यातल्या लग्नाचा परिणाम आहे, असे भावकीत बोलले जाते. ते खरे नाही, कारण या दोषात जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरेशी असते. पत्नीचीही नखे लहानपणापासून तशीच आहेत आणि तिला थायरॉईडची गोळी चालू आहे, म्हणून दोष तिच्याकडून आला असावा, असा डॉक्टरांचा अंदाज आहे. तसे असल्यास प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के असते.

आमची मुलगी ९ वर्षांची असून तिला आजवर काहीही झालेले नाही. दोष आधी कळला तर फुफ्फुसांना कायमची इजा होण्यापूर्वी लक्ष ठेवता येईल, असे मला वाटते. पत्नीला मात्र तो अहवाल मुलीच्या लग्नाच्या वेळी आडवा येईल, अशी भीती वाटते, आणि गावात राहून ती भीती मी खोटी म्हणू शकत नाही. ज्यांच्या घरी असा निर्णय घ्यावा लागला, त्यांनी तो कोणत्या वयात घेतला?

मुलासाठी रुक्सोलिटिनिब ही स्टॅट-१ ची जास्तीची सक्रियता कमी करणारी गोळी सुचवली आहे. तिने क्षय व नागीण उफाळण्याचा धोका असतो आणि फ्लुकोनॅझोलसोबत दिल्यास रुक्सोलिटिनिबचे रक्तातील प्रमाण वाढते. ही गोळी सुरू करण्यापूर्वी आपण कोणत्या तपासण्या करून घेतल्या, आणि पुढील रक्ततपासण्या छत्रपती संभाजीनगरात भागल्या की प्रत्येक वेळी मुंबई गाठावी लागली?