अनुभव धागा : पडद्यावरच्या काळोखानं तुम्हाला कधी धरलं?

मला गडद सिनेमे आवडतात. ज्यांच्यात माणसं अर्धी सावलीत बोलतात, खिडकीतून एकच तिरीप आत येते आणि शेवट झाल्यावर लगेच उठून दिवा लावावासा वाटत नाही, असे. घरचे विचारतात, "सारखं काय ते काळं काळं बघतोस?" गेली वीस वर्षं मी त्यांना नीट उत्तर देऊ शकलेलो नाही. म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करतो. कॉलेजात असताना होस्टेलच्या टीव्ही रूममध्ये 'द गॉडफादर' पहिल्यांदा पाहिला. 1972 चा सिनेमा, आम्ही पाहिला तेव्हा तो पंचविशी ओलांडून गेलेला. सुरुवातीला काळ्या पडद्यावर एका माणसाचा फक्त चेहरा. तो मुलीवर झालेल्या अत्याचाराचं सांगतोय, आणि कॅमेरा इतका सावकाश मागे येतो की आपण कधी टेबलाच्या या बाजूला येऊन बसलो ते कळतच नाही. बाहेर भर उन्हात लग्न चाललंय, आत मात्र ही खोली. कॅमेरामन गॉर्डन विलिस यांनी प्रकाश थेट डोक्यावरून टाकला होता, त्यामुळे मार्लन ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणी सावलीत बुडाल्या. डोळे दिसत नाहीत म्हणून मनात काय चाललंय ते कळत नाही, आणि म्हणून भीती वाटते. हे सगळं मला पुढे कळलं. त्या रात्री एवढंच जाणवलं की मी खुर्चीच्या टोकावर येऊन मान पुढे काढून बसलोय, त्या माणसाचे डोळे शोधत.

आता तुम्ही लिहा. कथा सांगू नका, ती कुठेही मिळते. एक दृश्य सांगा. कुठे पाहिलंत, सोबत कोण होतं, आणि ते अजून का आठवतं.

जगबुडीकाठ

मी खेड तालुक्यातली, त्यामुळे 'तुंबाड'बद्दल मीच लिहायला हवं. तुंबाड आमच्याकडचं गाव. श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीमुळे ते नाव घरोघरी माहीत होतं. सिनेमाची गोष्ट वेगळी आहे, नाव तेवढं तिथलं.

ऑक्टोबर 2018 मध्ये लागला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते, पुढे मोबाइलवर बघितला. आवडला, पण का आवडला ते कळलं नाही. सप्टेंबर 2024 मध्ये परत थिएटरला लावला तेव्हा बाबांना घेऊन गेले. (पहिल्या वेळेपेक्षा दुसऱ्या वेळी जास्त गल्ला जमवला म्हणे या सिनेमानं. थिएटर खचाखच होतं खरं.) बाबा सिनेमावाले नाहीत, शेती करतात. वाड्याच्या पहिल्याच पावसात माझ्याकडे वाकून म्हणाले, "हा पाऊस खरा आहे." मी विचारलं, कशावरून? तर म्हणाले, "मागचं आभाळ बघ. टँकरचा पाऊस असता तर मागे ऊन असतं." नंतर वाचलं, त्यांनी खरंच चार पावसाळे थांबून थांबून शूटिंग केलंय.

मला धरलं ते आतल्या काळोखानं. आमच्या जुन्या घराच्या माजघराला खिडकी नव्हती. आजी तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेनं पुसायची आणि मग तो कंदील घेऊन फिरायची; ती जाईल तिथे घर उजळायचं आणि तिच्या पाठीमागे पुन्हा मिटायचं. सिनेमात पोरगा कंदील घेऊन आजीच्या खोलीकडे जातो तेव्हा अगदी तसंच होतं. कोकण म्हटलं की सगळे हिरवंगार, आंबा-फणस दाखवतात. भाद्रपदात भिंतींना ओल धरते, कपडे वाळत नाहीत, चिऱ्यावर शेवाळं काळं पडतं, तो रंग आमच्या कोकणाचा म्हणून मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिला. आणि मग त्या करड्या-हिरव्यातून खाली देवीच्या गर्भात उतरल्यावर एकदम तो लाल! मी बाबांचा हात धरला होता.

कार्बनकाडी

माझे वडील तालुक्याच्या टॉकीजमध्ये मशिन ऑपरेटर होते. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर, एका रिळाला वीस मिनिटांच्या आतबाहेर, मग दुसऱ्यावर चेंजओव्हर. बल्ब नव्हते तेव्हा, कार्बन होते. पेन्सिलीएवढ्या दोन काड्या समोरासमोर, मध्ये चिमूटभर अंतर, तिथे ज्योत पेटते. काड्या जळत जातात, अंतर वाढत जातं, ते हातानं कमी करत राहायचं. दुर्लक्ष झालं की पडदा पिवळा पडतो. मालक कार्बन वाचवायला सांगायचे, करंट कमी ठेवायला लावायचे, आणि मग रात्रीचा प्रसंग आला की नुसता काळा चिखल दिसायचा. बाबांना याचा फार त्रास व्हायचा. घरी येऊन जेवायचे नाहीत.

मी नववीत असताना 'कागज के फूल' मॅटिनीला आला. आपल्या देशातला पहिला सिनेमास्कोप, 1959 चा. बाबांनी लेन्स बदलली, पडद्याच्या बाजूच्या काळ्या पट्ट्या सरकवल्या आणि मला केबिनमध्ये बोलावलं. त्यातल्या एका गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून उजेडाचा खांब उतरतो, त्यात धूळ तरंगत असते, आणि दोन माणसं त्या झोताच्या दोन बाजूंना उभी. जवळ यायचं आहे पण मध्ये तो प्रकाश. बाबांनी सांगितलं की तो लाइट नाही, ऊन आहे. कॅमेरामन व्ही. के. मूर्तींनी मोठाले आरसे लावून बाहेरचं ऊन स्टुडिओत फिरवून आणलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता बोलू नकोस." त्या गाण्याभर त्यांचा हात कार्बनच्या मुठीवर होता. मी निळ्या काचेतून ज्योत बघत होते आणि झरोक्यातून पडदा. इकडे हाताएवढी आग, तिकडे तो खांब. मधे कणभरसुद्धा पिवळेपणा नाही. त्या दिवशी मालकांचं ऐकलं नव्हतं त्यांनी.

मूर्तींना 2008 सालचा फाळके पुरस्कार मिळाला, कॅमेरामनला मिळालेला पहिलाच. बाबांनी पेपरातलं ते कात्रण कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. बाबा गेले, कपाट माझ्याकडे आहे.

कटरवाला

ताई, तुमच्या बाबांना नमस्कार. मी गोरेगावला लाइटमन आहे, बावीस वर्षं झाली. लोकांना वाटतं अंधार म्हणजे लाइट बंद केले, झालं. अंधार करायला उजेडापेक्षा जास्त सामान लागतं हो. एक लाइट लावला की तो भिंतीवर सांडतो, छतावर सांडतो, जमिनीवरून उडून परत तोंडावर येतो. मग कटर (उजेड अडवणारी काळी पाटी) लावा, काळं कापड बांधा, चमकणाऱ्या भांड्यावर चकाकी मारणारा डलिंग स्प्रे मारा. मालिकांच्या सेटवर हे कुणाला नको असतं. तिथे सगळं लख्ख पाहिजे, रात्रीच्या स्वयंपाकघरातसुद्धा दुपार.

एका सिनेमाच्या सेटवर (नाव नको) कॅमेरामन साहेबांनी सगळं लाइटिंग करून घेतलं आणि मग एकेक मारायला, म्हणजे बंद करायला सांगितलं. "तो मार. तो पण. मागचा मार." शेवटी खिडकीबाहेरचा एकच उरला. बाईंचा चेहरा गेला, साडी गेली. पाण्याच्या पेल्याची कड आणि त्यावर दोन बोटं, एवढंच राहिलं. प्रसंग असा की नवरा परत येणार नाही हे तिला नुकतंच कळलंय. मी शिडीवर होतो, वरून बघितलं आणि पोटात गलबललं. बोटं हलतही नव्हती.

त्याच साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर 'बॅरी लिंडन' दाखवला होता, 1975 चा. आपण मेणबत्तीचा सीन करतो तेव्हा फ्रेमच्या बाहेर बल्ब ठेवून डिमर हलवत बसतो, ज्योत थरथरते असं वाटायला. त्यात मेणबत्त्यांच्याच उजेडात शूटिंग केलंय. नासासाठी बनवलेली झाइस कंपनीची लेन्स, f/0.7, म्हणजे तोंड इतकं मोठं की थोडक्या उजेडातही चित्र येतं. मेणबत्त्या पण तीन-तीन वातींच्या. त्या लेन्सला फोकस इतका कमी मिळतो की नट जरा पुढेमागे झाला की गेला. म्हणून त्यातली माणसं चित्रासारखी गप्प बसलेली दिसतात. मला वाटलं होतं ते ॲक्टिंग आहे. थोडं लेन्समुळे पण आहे!

रात्रपाळी

मी नर्स आहे. धाकटा भाऊ गेला त्या वर्षी सगळे म्हणायचे, काहीतरी हलकंफुलकं बघ. मला ते बघवायचं नाही. विनोदी सिनेमातल्या लोकांचा राग यायचा. एका सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून 'विहीर' पाहिला, उमेश कुलकर्णींचा. त्यातला मोठा मुलगा जातो आणि धाकटा त्याला शोधत राहतो. विहिरीचं ते पाणी मी कितीतरी वेळा थांबवून पाहिलं. वर आभाळ आहे, पाण्यात आभाळ आहे, आणि त्याखाली काळं. तोवर मला रडू आलं नव्हतं.

हॉलचा दिवा

एक व्यवहाराची गोष्ट, कारण इथे बरेच जण घरी बघणारे आहेत. टीव्ही दुकानातून येतो तेव्हा तो 'व्हिविड' मोडवर असतो. तो बदलून 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' करा. हालचाल गुळगुळीत करणारं जे काही असेल ते बंद करा, त्यानं सिनेमा मालिकेसारखा दिसतो. दिवसा बघणार असाल तर पडदे ओढा. नेट मंद असेल तर काळ्या भागात चौकोन चौकोन दिसतात. तो तुमच्या टीव्हीचा दोष नाही, आधी डाउनलोड करून मग बघा. मी चार वर्षं राखाडी काळा बघत होतो. मोड बदलल्यावर बायको म्हणाली, "यांच्या घरात मागे कपाट आहे होय!"

मुळा ते डॅन्यूब

शिकायला व्हिएन्नात आलो तो नोव्हेंबर होता. दुपारी साडेचारला अंधार. खोलीत राहवत नव्हतं म्हणून बुर्ग किनो नावाच्या थिएटरात शिरलो. तिथे 'द थर्ड मॅन' वर्षानुवर्षं नेमानं दाखवतात. 1949 चा सिनेमा, याच शहरातला. युद्धानं पडलेली घरं, चार देशांत वाटलेलं गाव. रॉबर्ट क्रास्करचा कॅमेरा जागोजागी तिरका आहे, सगळं शहर एका अंगाला कललेलं. रात्रीच्या गल्ल्यांत पाणी मारून दगड ओले केलेत, म्हणून जमीन आकाशापेक्षा जास्त चकाकते. आणि दारातला तो प्रसंग: मांजर बुटांशी खेळतंय, वर कुणीतरी खिडकी उघडतं, आणि उजेड थेट एका माणसाच्या तोंडावर पडतो. तो ओशाळून गालात हसतो. बास. पुढे सगळा सिनेमा त्या हसण्यावर चालतो.

बाहेर पडलो तेव्हा खरंच पाऊस पडून गेला होता. ते दार थिएटरपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहे, श्रेफोगेलगासे 8. रात्री अकराला एकटाच तिथे जाऊन उभा राहिलो. दार बंद, वरच्या खिडकीत दिवा. महिनाभर परकं वाटणारं गाव त्या रात्री ओळखीचं झालं. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "जेवलास का?"

डेक्कनचे आजोबा

वय 78. टाइप करायला नातीची मदत घेतली आहे.

आमची आई इंदूरची. तिनं दहाव्या वर्षी तिथे 'अमृतमंथन' पाहिला, 1934 साली, हिंदी. प्रभातनं तो मराठीतही केला होता, त्यात राजगुरूच्या भूमिकेत केशवराव दाते, हिंदीत चंद्रमोहन. प्रभात कंपनी कोल्हापूरहून पुण्याला आल्यावर त्यांचा हा पहिला चित्रपट. दिग्दर्शक शांतारामबापूंनी त्यात टेलिफोटो लेन्स वापरून राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवला. देवीपुढे बळी थांबवायला राजा निघालाय आणि हा डोळा काळोखातून बघतोय.

आई ती गोष्ट सांगताना तोंडानं कमी आणि हातानं जास्त सांगायची. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून स्वतःच्या डोळ्याला लावायची आणि आम्हा मुलांकडे हळूहळू वळायची. आम्ही पांघरुणात शिरायचो. लहानपणी आमच्याकडे सिनेमाला जायची ऐपत नव्हती, आम्हाला अमृतमंथन म्हणजे आईचं ते कडं.

पुढे बँकेतून निवृत्त झाल्यावर फिल्म अर्काइव्हच्या एका खेळाला तो मला पाहायला मिळाला. प्रभातचा स्टुडिओ होता तिथे आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथून हाकेच्या अंतरावर. प्रिंटवर रेघा होत्या, आवाज खरखरत होता. समया, धूर, खांबांच्या लांब सावल्या, आणि मग तो डोळा आला. साठी उलटलेला माणूस मी, पण हात आपोआप पांघरूण ओढायला गेला.

आई तेव्हा होती, नव्वदीच्या घरात. मोतीबिंदूनं तिला फारसं दिसत नसे. घरी गेल्यावर सांगितलं, आज तुझा सिनेमा बघून आलो. तिनं विचारलं, "डोळा अजून तेवढाच मोठा आहे का रे?" मी म्हटलं, आहे. मग तिनं बोटांचं कडं केलं आणि माझ्या आवाजाच्या दिशेनं हळूहळू वळली.